होल्स्टरला लावलेलं खोबरेल

माझं गाव संगमेश्वराच्या बाजूला. बाप शिलाई मशीन रिपेर करायचा, बाजाराच्या दिवशी एका शिंप्याच्या पडवीत बसून, आणि मी शेजारी बसून स्प्रिंगा सांभाळायचो, कारण एक बारीक स्प्रिंग सारवलेल्या जमिनीवर उडाली की शोधण्यात अर्धा दिवस गेला. तोच हात घेऊन मी इकडे आलो, आधी शारजाला युनिफॉर्मच्या फॅक्टरीत मशीन मेकॅनिक, ती बंद पडली, मग कुणीतरी बोललं जबल अलीच्या पुढे वाळवंटात शूटिंग क्लब आहे, त्यांना बारीक कामाचा माणूस पाहिजे. मी बोललो, बंदूक मी कधी हातात धरली नाय. मॅनेजर बोलला, हबीबी, तुला गोळी मारायची नाय, साफ करायचंय. त्याला सोळा वर्षं झाली, आता मला अठ्ठावन्नावं चालू आहे.

काय सांगू तुम्हाला, पिस्तूल उघडलं की आत बापाची मशीनच, पिन, स्प्रिंग, खटका. माझ्या कामाच्या खोलीला लागून सामानाचा काउंटर आहे, तर मेंबर लोक मलाच विचारतात, मिस्त्री, कुठला पट्टा घेऊ, कुठलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान, त्यांना चकचकीत पाहिजे, वर नाव कोरलेलं पाहिजे. मी सांगतो, सर, आधी पट्टा कडक घ्या, लुळा पट्टा असेल तर पिस्तूल नुसतं लोंबकळतं, मग होल्स्टर असं घ्या की ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, आणि खुर्चीवर बसून बघा, उभ्यानं सगळंच बरं वाटतं. एवढं शहाणपण मी दुसऱ्याला शिकवतो, आणि माझ्याच हातून काय झालं ते ऐका.

आमच्याकडे जाधव म्हणून इन्स्ट्रक्टर आहेत, साताऱ्याचे, फौजेतून रिटायर, सगळे त्यांना सुभेदार बोलतात. कमरेचं पिस्तूल काढून मारायचा क्लास तेच घेतात, म्हणजे भरलेलं पिस्तूल दिवसभर काढायचं, परत होल्स्टरमध्ये ठेवायचं. ते एकदा आले, बोलले, मिस्त्री, ट्रिगर हलतोय, आडवा हलतोय. मी बघितलं, पिन झिजलेली वाटली, बदलली. आठ दिवसांनी परत आले, परत हलतोय. मी स्प्रिंगपण बदलली. तिसऱ्यांदा आले तेव्हा हसत बोलले, मिस्त्री, माझी दाढपण अशीच हलते, पण ती मी ट्रिगरसारखी रोज ओढत नाय. मला राग आला, दिवसभराचा कंटाळा होता, मी बोललो, सुभेदार, तुमचाच हात जड आहे. ते पिस्तूल आणि होल्स्टर टेबलावर ठेवून गेले.

मी आपलं सहज, पिस्तूल रिकामं आहे का ते दोनदा बघून, त्या होल्स्टरमध्ये घातलं. लेदरचं तोंड आतल्या बाजूला दुमडलं. जरा दाबलं, तर ती दुमड ट्रिगरच्या पुढ्यात अडकली आणि आतून खट् झालं. मी हात लावला नव्हता ट्रिगरला. भरलेलं असतं तर गोळी सुटली असती. ट्रिगर का सैल होत होता ते कळलं, ते मऊ लेदर रोज त्याला आडवं रेटत होतं. आणि लेदर मऊ का, तर नाकाशी धरलं आणि माझ्या घराचा वास आला.

खोबरेल, दुसरं काय. दर वर्षी गावावरून येताना बायको घाण्याचं तेल बाटलीत भरून देते, कपड्यांत गुंडाळून. इथल्या उन्हात आणि एसीत लेदर तडकतं, आणि आमच्या गावात नवीन चपलेला तेल लावायचंच असतं, तर मी दर गुरुवारी क्लबच्या सगळ्या होल्स्टरना मायेनं चोळायचो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंपण नाय.

आता बघा, माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता, आणि आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक रिपेरीपुढे कारण लिहायचा रकाना आहे. मटेरियल खराब असं लिहिलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं, मी आणखी दोन वर्षं राहिलो असतो. पेन हातात घेऊन बसलो, देऱ्याला, आमच्या राहायच्या खोल्यांकडे जाणारी कंपनीची बस हॉर्न मारून निघून गेली. समोर भिंतीवर अजून अकरा होल्स्टर लटकत होती, सगळी माझ्या हातची तेल लावलेली. सुभेदार क्लासला सांगतात ना, मांडीत मोठी शीर असते, ती फुटली की माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाय, ते मला ऐकू यायला लागलं. मी लिहिलं, कारण तेल, तेल मी लावलं, आणि खाली सही केली.

मॅनेजरनं वाचलं. रजिस्टर मिटलं. मग बोलला, तू सच्चा आदमी है, लेकिन खलास, व्हिसा रिन्यू नहीं होगा. मी काय भांडणार, थकलोय मी, खरं सांगतो. लेदरची सगळी कचऱ्यात गेली, कडक प्लास्टिकची आली, एकेक तीनशे दिरहमचं, म्हणजे आपले सात हजारांच्या वर, आणि ती निवडायलापण मलाच सांगितलं. प्रत्येकात मी रिकामं पिस्तूल घालून बघितलं, वाकून, बसून. सुभेदारांची कंबर दुखते, त्यांचं जरा खाली बसणारं घेतलं. महिना झाला, ट्रिगर हलला नाय.

त्यांना बोललो, सुभेदार, तुमचा हात जड बोललो होतो, चुकलं माझं. ते बोलले, ती बाटली फेकायला सांगितलीय ना तुम्हाला, द्या इकडे, गुडघ्याला लावीन. दिली. रोज सकाळी येतात, मिस्त्री, बघा जरा, बोलतात, बघण्यासारखं काही नसतं तरी मी बघतो. देव त्यांचे दोन्ही पाय शाबूत ठेवो.

आता जायला बारा दिवस राहिलेत. बायकोला फोन केला, बोललो, या खेपेला तेल भरून ठेवू नको. ती बोलली, का, संपलं नाय? मी बोललो, मीच येतोय. तिनं विचारलं, किती दिवसांची सुट्टी? सुट्टी नाय, मी बोललो. ती बोलली, या, मग तर तेल लागेलच, डोक्याला.