कृपया आपले नाव भरा

...नाही, तुम्हीच सांगा, माणसाने नाव लिहिलंय, ढळढळीत समोर दिसतंय, बटण दाबलंय, आणि वर लाल अक्षरात काय येतं? 'कृपया आपले नाव भरा'! अरे, भरलंय ना रे!

तुम्हाला सांगतो, मंडळाला एकदा हो म्हटलं की माणूस संपला. आमच्या कोपरच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष, आनंदकाका, मला म्हणाले, "तू ठाण्याला दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना? मग आरतीच्या मानाचं बुकिंग ऑनलाइन करून टाक की! तुला काय, दोन बटणं!" दोन बटणं! आणि घरी आई... "अष्टमीची आरती आपल्याला मिळू दे हं. तुझे बाबा गेल्यापासून कुणी बोलावलंच नाही रे." झालं, बसलो मंडळाची साइट बनवायला.

बुकिंग सुरू झालं आणि माझा फोन पेटला. काका... "अरे, मंडळ मी काढलं, आणि हे मलाच नाव विचारतंय?" शेजारच्या कलावतीकाकू... "मराठीत भरलं, इंग्रजीत भरलं, माहेरचंसुद्धा भरलं, तरी हे आपलं कृपया आपले नाव भरा!" मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय. काका म्हणाले, "मग तुझा लॅपटॉप आणून मंडपात ठेव!"

फॉर्म तपासला, ठीक. सर्व्हर तपासला, तर त्या बिचाऱ्याच्या हातात येतंय तेच रिकामं! शेवटी ऑफिसात संचिताला दाखवलं. ती डबा खाता खाता म्हणते, "जुन्या ब्राउझरसाठी कोड बदलून घेतोयस का रे?" घेतोय ना! काकांच्या घरी पुराणकाळातला कॉम्प्युटर आहे, त्यावर चाललंच पाहिजे ही त्यांची अट! म्हणून साइटवर चढवताना एक टूल माझा नवा कोड जुन्या पद्धतीचा करून देतं. मी लिहिलेलं, फॉर्मच्या पिशवीत जे जे असेल ते एकेक काढून पाठव. टूलने केलं काय? आधी पिशवीवर आकडा बघ, तेवढ्या वस्तू काढ. आता पिशवीवर कशाला कोण आकडा लिहील? आकडा नाही म्हणजे वस्तू नाहीत, द्या रिकामी पिशवी पुढे! आणि माझ्या लॅपटॉपवर हे टूल चालतच नाही, म्हणून तिथे सगळं छान! डोकं धरून बसलो हो मी...

त्या टूलचं एक सेटिंग. एवढ्यासाठी माझी झोप गेलेली! बदललं आणि धावत काकांकडे गेलो. "काका, झालं! आता आईचं अष्टमीला भरतो." काका म्हणाले, "अष्टमी? ती सुमतीताईंना, तुझ्या आईलाच, केव्हाच दिली. सकाळी येऊन बोलून गेल्या. सगळेच दिवस गेले रे, लोक घरीच आले." "आणि तुमचा तो कॉम्प्युटर?" "तो होय... गणपतीआधीच भंगारात दिला."

असो. अष्टमीला आईच्या हातात आरतीचं ताट होतं, डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं, चला, भरून पावलो. तेवढ्यात काकांनी माइक घेतला... "आणि आपली वेबसाइट ज्याने बनवली, तो आपल्या सुमतीताईंचा मुलगा..." मग माइकवर हात ठेवून माझ्याकडे वाकले, "बाळा, तुझं नाव काय रे?"

मी म्हटलं, राहू द्या काका. रिकामंच पाठवा.