तीर्थाचं गोमुख फोडणारा मुकादम

सन्माननीय अध्यक्ष, इंजिनिअर मुजुमदार साहेब. व्यासपीठ भूषवणारे, गोमुखाचे दाते चनबसप्पा शेठ. आजचे सत्कारमूर्ती तिप्पण्णा मुकादम. पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती महादेवीबाई. आणि चिवड्याचा वास आल्यापासून माझ्याकडे पाठ फिरवलेल्या बंधुभगिनींनो,

बत्तीस वर्षं तिप्पण्णांनी मैंदर्गीकडचा आपला मातीचा बांध राखला. राखला म्हणजे काय केलं? रोज सकाळी पायथ्याशी जायचं, तिथं झिरपणारं पाणी पितळी तांब्यात धरायचं, उन्हात नेऊन बघायचं. नितळ असलं की घरी येऊन भाकरी खायची. आम्ही कारकून मंडळी कचेरीत बसून हसायचो. खुर्चीत बसणाऱ्याला दुसऱ्याचं काम सोपंच वाटतं.

पाच वर्षांपूर्वी लोकांनी त्या झिऱ्याला तीर्थ ठरवलं. शेठजींनी सढळ हातानं चुनेगच्ची चौथरा बांधून दिला. झिरा चहूकडून बुजवला आणि सगळं पाणी एका दगडी गोमुखातून काढलं. उद्घाटन साहेबांच्या हस्ते झालं, नारळ मी फोडला. झिरपणाऱ्या पाण्याची वाट बुजवली तर ते आतून दुसरी वाट कोरतं, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही सुचू नये?

महिन्याभरात तीर्थ पिवळसर येऊ लागलं. पुजारी म्हणाले, देवानं गंध लावलं. गर्दी दुप्पट झाली. मी स्वतः तीन ओंजळी प्यायलो. मंडळी, ती बांधाच्या पोटातली माती होती. अख्खं धरण आम्ही भक्तिभावानं प्यायला काढलं होतं.

तिप्पण्णा कचेरीत आले. म्हणाले, "साहेब, पानी गढूळ यायलंय. तलाव उतरवा, न्हाईतर बांध जातोय की." आता, तलाव उतरवायला पाणी सोडायची मोरी उघडली की पायथ्याचं वीज करणारं चाक थांबणार, आणि त्याच संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर पाहुणे जेवायला होते. साहेब म्हणाले, लेखी द्या. तिप्पण्णांना लिहिता येत नाही. मी म्हणालो, सोमवारी लिहून देतो. बांधाखाली दोन वाड्या, दीडशे घरं. त्यांतलं एक महादेवीबाईंचं माहेर. आणि मी सोमवार म्हणालो.

तिप्पण्णा उठले, जाऊन मोरी स्वतः उघडली आणि पहार घेऊन गोमुख फोडलं. इकडे पंगतीत दिवे गेले. साहेबांच्या हातातली श्रीखंडाची वाटी माझ्या धोतरावर आली. कंदील घेऊन आम्ही धावलो तर तिथं देव फोडला म्हणून लोक मुकादमाच्या अंगावर चालून गेलेले. हे गृहस्थ शांतपणे म्हणतात, "देव हितंच हाय. पानी जाऊ द्या, त्याला अडवू नका. माती तेवढी धरा."

मग झिऱ्यावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. शिव्या देणाऱ्यांनीच पाट्या वाहिल्या. चौथ्या दिवशी तांब्यात पाणी नितळ आलं. तलाव उतरल्यावर बांधाला आतल्या अंगानं भोक सापडलं. मी हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. 

या कामाचं बक्षीस काय मिळालं? 'वाळू-खडीचा थर देण्याची उत्कृष्ट योजना' म्हणून वरून शाबासकी आली, ती साहेबांना. आणि विनापरवानगी पाणी सोडलं, देवस्थानाची मोडतोड केली, म्हणून ताकीद आली, ती मुकादमाला. तिचा मसुदा माझा. अक्षरही माझंच, सुवाच्य. ती ताकीद आजही त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात आहे. ती तशीच घेऊन हा माणूस आज घरी चालला आहे, आणि आपण त्याला शाल देणार आहोत. मला लाज वाटते.

साहेब, आपण रागावलात तरी चालेल. मीही पुढच्या वर्षी निवृत्तच होतोय. मुकादमांची नोकरी आज पाच वाजता संपते. आता साडेचार झालेत. ताकीद रद्द करण्याचा कागद मी लिहून आणलाय, तो आपल्यासमोर हाराच्या तबकाखाली आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. जिभेवर लगाम राहिला नसेल तर वयाकडे पाहून सभेनं सांभाळून घ्यावं. आधी सही होऊ द्या, मग हार घालू. साहेब, दौत मी उघडून ठेवली आहे.