माझी शाल आणि सात शिक्के

मी चंद्रपूरकडची. बाबा कोळशाच्या खाणीत, आम्ही कॉलनीत राहायचो, आणि खाणीच्या ऑफिसात भिंतीवर माझा एक फोटो होता, मी दुसरीत असेन, कंपनीनं ज्या गावांची जमीन घेतली तिथल्या पोरांना दप्तरं वाटली तेव्हाचा. आता मी काही त्या गावातली नाही, पण रांगेत घुसले आणि हसले, म्हणून फोटो माझा. बारावी झाले तरी तो तिथंच. जमीन गेली त्यांची आणि भिंतीवर दात पडलेली मी! हे आधी सांगते, कारण पुढं टोकियोत नेमकं असलंच काम माझ्या गळ्यात पडलं.

लग्न पुण्याच्या प्रशांतशी झालं, तो कॉम्प्युटरवाला, दोन हजारनंतर आपली माणसं जपानला धडाधड जात होती ना, त्यात आम्हीही आलो, टोकियोला लागून असलेल्या उरायासुला. तो सकाळी ऑफिसला, आणि मी घरात कचऱ्याचे प्रकार लावत बसलेली, जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा. मी बीएस्सी, वेबसाइट बनवायचा कोर्स केलेला, किती दिवस कचराच निवडू? तर तोयोसुला एका कंपनीत बाइतो मिळाला, बाइतो म्हणजे आपलं पार्ट-टाइम. कंपनीच्या खाणी ऑस्ट्रेलियात, आणि ज्यांची ती जमीन ते तिथले मूळचे लोक, ॲबोरिजिनल, त्यांच्याशी कंपनीचा करार. त्यांच्या गावाला दवाखाना, मुलींना ट्रेनिंग, आणि हे सगळं इंग्रजी वेबसाइटवर छान दिसायला हवं, ते काम माझं. साहेब मोरी-सान, सान म्हणजे आपलं राव, भला माणूस, पण काय सांगू तुम्हाला, तिकडं सहीऐवजी प्रत्येकाचा आपला शिक्का असतो, त्या शिक्क्याशिवाय पाणी प्यायचा नाही.

पहिल्या पानावर त्या गावच्या एका आजींचा फोटो होता. पाय पसरून बसलेल्या, कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, बाजूच्या कुणाला तरी रागावतायत. करारावर गावाकडून पहिली सही त्यांचीच. मला फार आवडायच्या, सकाळी कॉम्प्युटर लावला की आधी त्या दिसायच्या.

एक दिवस त्यांच्या नातीचा मेल आला, गावाच्या वतीनं तीच कंपनीशी बोलायची. दोनच ओळी, की आजी गेल्या. मला वाईट वाटलं हो. आणि आपल्यात माणूस गेलं की काय करतात? फोटो मोठा करतात, हार घालतात. मी तेच केलं. अख्ख्या पानावर फोटो, काळी चौकट, खाली ठळक नाव. मोरी-सानना दाखवलं, त्यांच्यातही गेलेल्याचा फोटो मांडतात, ते म्हणाले फार छान, आणि वर कौतुकानं तोच फोटो मोठ्या पाटीवर छापून ऑफिसच्या दाराशी उभा केला, कारण पुढच्याच आठवड्यात करार पुढं चालू ठेवायच्या बैठकीला नात यायची होती. चांगलं काम म्हणून त्यांनी वरच्यांना नुसतं फोनवर सांगितलं आणि हे मात्र झटक्यात झालं.

दोन दिवसांनी पुन्हा नातीचा मेल. आमच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवत नाहीत, नाव घेत नाहीत, घरचे सांगतील तोवर नाही. माझ्या आईनं तुमचं पान बघितलं, तेव्हापासून ती जेवली नाही. काढा. आणि हे सगळं गावानं कराराच्या वेळी पुस्तकात छापून दिलेलं होतं, मी ते शोधलं, कपाटात होतं, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं!

मला वाटलं आता पाच मिनिटांत काढू. तर पान काढायला सात जणांचे शिक्के. चौथे साहेब ओसाकाला गेलेले, पाचवे म्हणतात एवढ्या आदरानं लावलाय तर काढायचा कशाला, कारण सविस्तर लिहा. मी म्हटलं, मोरी-सान, तिकडं एक बाई जेवत नाहीये आणि तुम्ही शिक्के कसले मोजता. ते मान खाली घालून म्हणतात, इलाज नाही. तीन दिवस इलाज नाही, इलाज नाही! डोकंच फिरलं माझं. चौथ्या दिवशी मी कुणाला न विचारता पान काढून टाकलं, एका बटणाचं काम ते. मग माफीनामा लिहायला लावला, हातानं, जपानीत, चुकला म्हणून तीनदा.

पण दाराशी ती पाटी तशीच. तिला हात लावायला परत शिक्के. नात येणार त्या सकाळी मी लवकर गेले आणि अंगावरची शाल काढून पाटीवर टाकली, माझ्या आईनं दिलेली शाल. तेवढ्यात मोरी-सान आले. म्हटलं आता बोलणार. त्यांनी दुसरं टोक धरलं आणि मागं घट्ट गाठ मारली.

नात आली, शालीसमोर थांबली. मला विचारलं, आत तीच आहे का? मी म्हटलं हो. ती म्हणाली, थँक्यू, पण आत गेल्यावर मी पहिलं विचारणार की आमचं पुस्तक कुणी वाचलं. विचारलंही. करार पुढं चालू राहिला, माझा बाइतो मात्र त्याच महिन्यात संपला.

आता त्याला किती वर्षं झाली. मुलगा मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देतो, मी दुसरीकडं कायम नोकरीत आहे. मागच्या वर्षी नातीचा मेल आला, घरच्यांनी ठरवलंय, आता फोटो लावला तरी चालेल. दवाखान्यात लावायचाय, पण इतका चांगला आमच्याकडं नाही, आणि कंपनी म्हणते सगळं टाकून दिलं. बघा! काढायला सात शिक्के, आणि टाकून द्यायला एकही लागला नाही.

मी मोरी-सानना फोन लावला, ते रिटायर होऊन योकोहामाला असतात. म्हणाले, पाटी माझ्याकडं आहे, जिन्याखाली, भिंतीकडं तोंड करून. तुमच्या शालीची गाठ मी सोडलेली नाही.

आम्ही दोघांनी ती तशीच बांधून पाठवली, शालीसकट. मला उघडून एकदा बघायचं फार मनात होतं, पण नाही उघडली, म्हटलं आधी घरच्यांनी बघू दे. सुखी राहोत सगळे.

आणि तुम्ही मघापासून आजींचं नाव विचारताय. आता घेतलं तरी चालतं, मला ठाऊक आहे. पण ते त्यांनी त्यांच्यासाठी ठरवलंय, तुम्ही कागदावर लिहा असं कुठं म्हणालेत? जागा मोकळी सोडा. नातीचा पत्ता देते, आधी तिला विचारा.