अदबीनं बोलणारा मेसेज

(सौंदड स्टेशनाजवळ राजदीपचं नेटवर फॉर्म भरून देण्याचं दुकान, डिसेंबर २०१३. शटर अर्धं खाली. दोन गिऱ्हाइकं परत पाठवून त्यानं वस्तीतल्या अल्काला बोलावून घेतलंय. एरवी गिऱ्हाईक सोडणारा हा गडी नव्हे.)

राजदीप — रीनाचं नाव घेऊ नोको आता. तुया ईमेलचा पासवर्ड तिनं नाही बदलवला.

अल्का — कोनं सांगतलं? तिनंच?

राजदीप — ती कायले सांगन मले? मी सांगून राहिलो.

अल्का — त मंग कोन? पासवर्ड मले माहीत अन् मैत्रीन मनून तिले माहीत. नर्सबाईच्या जागेचा फॉर्म दोघींनी संगंच भरला. मुलाखतीचं बोलावनं दोघींले ईमेलवर आलं. तिनं तिचं उघडून पाह्यलं, नागपूरले गेली, नोकरीले लागली. माह्यं खातं उघडतच नव्हतं. तारीख निघून गेल्यावर बोर्डावर माह्यं नाव दिसलं, पुढं ‘गैरहजर’.

राजदीप — तिसऱ्याले बी माहीत होता.

अल्का — कोनाले?

राजदीप — मले. खातं मीच काढून देल्लं ना तुले? तुयाजवळ तवा मोबाईल नव्हता, मनून नंबर बी माह्या टाकला. तुयंच नाही, त्रेचाळीस जनाइचे खाते माह्या नंबरवर आहेत. पासवर्ड समद्याइचा एकच. आपल्याले सोपं पडते मनून.

अल्का — म्हंजे तू बदलवला?

राजदीप — नाही ना बाप्पा. मी चोराले देल्ला, त्यानं बदलवला. ऑगस्टमधी तुयी पावती काढाले खातं उघडलं, त एक मेल होता. लाल अक्षर, खाली शिक्का. चोवीस तासात पासवर्ड भरा, नाही त खातं कायमचं बंद. मी सही में घाबरलो. भरून टाकला.

अल्का — मले विचारा लागत होतं.

राजदीप — तू धानाच्या रोवन्यात होती. मनलं, तिले कायले टेंशन. अन् इथंच संपत नाही. त्याच सांजेले माह्या मोबाईलवर ईमेलवाल्या कंपनीचा खरा मेसेज आला. का, तुमचं खातं दुसऱ्या जाग्यावरून कोनीतरी उघडलं. तुमीच असाल त काही करू नोका. नसाल त आपलं खातं आपन उघडा अन् पासवर्ड बदला.

अल्का — मंग?

राजदीप — फ्रॉड समजून पुसून टाकला.

अल्का — खोटा खरा वाटला, अन् खरा खोटा?

राजदीप — तूच सांग, आपल्याले खरा कागद कसा येते? बिजलीचा घे, तहसीलीचा घे. ‘सात दिवसाच्या आत न भरल्यास कापण्यात येईल.’ जो दम देते तो खरा. त्या मेलमधी तसाच दम होता. अन् हा मेसेज मागतच नव्हता काही. पासवर्ड नाही, पैसे नाही. मनलं, आपल्याशी इतक्या अदबीनं कोन बोलते? हाच चोर असन.

अल्का — चोराले माह्या खात्यात काय भेटलं?

राजदीप — काही नाही. त्याले कोनाचंबी चालते. तुया नावानं आनखी हजार लोकाइले तसेच मेल सोडले असन.

अल्का — माह्या नोकरीचं त त्याले माहीत बी नसन.

राजदीप — नसन.

अल्का — तुले कवा समजलं?

राजदीप — समजलं एकदाचं.

अल्का — राजदीपभाऊ, कवा समजलं?

राजदीप — दसऱ्याच्या आधी. गोंदियाचा संघदीप आहे ना, कम्पुटरवाला, त्याले विचारलं. तो मने, कंपनी पासवर्ड कधीच मागत नाही. मागितला का समज चोर. दोन मिनटात समजावून देल्लं त्यानं.

अल्का — दसऱ्याच्या आधी. मी रीनाच्या दारात उभी राहून वरडली, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

राजदीप — मी तिथंच होतो. पानठेल्यावर. तू तिले चोट्टी मनलं, तिची माय रडली, अन् मी सुपारी चघळत उभा होतो. मनात आलं, आता बोललो त दुकान बुडन. कोन येईन मंग माह्याकडं? पोरी आहेत दोन. असं तसं करत दोन महिने काढले.

अल्का — अन् आज काऊन आठवलं?

राजदीप — सकाळी तसाच मेसेज आला. वस्तीतल्या यादोरावच्या पोरीच्या खात्याचा. तसाच, अदबीनं. या वेळी पुसला नाही. आतल्या लिंकले बी हात नाही लावला, तिचं खातं आपलं आपन उघडलं. खरंच कोनी घुसलं होतं. पासवर्ड बदलवला, वाचलं तिचं. पाच मिनटाचं काम होतं, अल्का. मंग दुकानात बसवेना.

अल्का — माह्या जागेचं काही होते का आता?

राजदीप — मी जाऊन विचारलं. यादी बंद झाली मने.

अल्का — हूं.

राजदीप — मार मले. पन बोल काही.

अल्का — काय बोलू? रीना तीनदा आली घरी. तिसऱ्या वेळेस मायनं दार लावून घेतलं, मीच सांगतलं होतं. खाली मान घालून गेली. तवा मले बरं वाटलं होतं.

राजदीप — मी येतो तुयासंग. समदं माह्या अंगावर घेतो. तिले सांगतो, अल्काचा काही दोष नाही.

अल्का — पासवर्ड तू देल्ला, ते तू सांग. चोट्टी मी मनलं. ते तू कसं सांगशील?

राजदीप — मंग?

अल्का — शटर टाक. पाचच्या गाडीनं उतरते ती ड्युटीवरून.