रुमालाखालचा हात

मला कुणी नट म्हटलं की तुम्ही हसता, म्हणून सांगून टाकतो. माझी लेक शुभदा नांदेडला मीडिया शिकते. परीक्षेसाठी तिनं छोटी फिल्म केली, आमच्याच धंद्यावर. पूर्वी आडतीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे ना, त्यावर. व्यापारी मी आणि दलाल आपले म्हातारे मल्लूअप्पा. भाव कळला की मी दचकायचं, एवढंच काम. सरांनी फिल्म परत पाठवली. "वडील दचकत नाहीत, नाटक करतात." दुसऱ्या दिवशी नवी दिली नाही तर पोरगी नापास.

मग लातूरच्या दुकानात भरदुपारी पुन्हा बसलो. कॅमेरा फक्त माझ्या तोंडावर. रुमालाखाली हात घातला, तर गारढोण हात लागला. पहिलं बोट अर्धंच. त्या अर्ध्या बोटानं माझा तळवा दोनदा दाबला. असं बोट एकाचंच होतं, मला आडत शिकवणाऱ्या बसूकाकांचं. डाळमिलमध्ये तुटलेलं. लक्ष नसलं की काका असंच दोनदा दाबायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

मी ओरडून हात ओढला.

"कट! बाबा, लई भारी!" शुभदा नाचायलाच लागली.

मी विचारलं, "अप्पा, बोट कशाला दुमडलं?"

"कोणतं बोट?" अप्पा चष्मा पुसत होते. "मी हात घातलाच न्हाई अजून."

पोरगी पहिली आली. सर मला म्हणाले, "शेठ, असा अभिनय कुठं शिकलात?"

म्हणालो, "बसूकाकांकडं."