डोळा हुकलेली मधमाशी

खरं सांगू, कौतुकाचा मला आता वीट आलाय. आमचे हे कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मी क्वार्टरच्या बागेतल्या मुंग्या-माश्यांचे अगदी जवळून फोटो काढायची आणि हे ते भिंगाखाली तपासायचे. लाल पेन्सिलीनं फुली मारून म्हणायचे, "डोळा हुकला. फोकस पंखांवर गेलाय. रिजेक्ट!" मी कडाकडा भांडायची, दोन दिवस अबोला धरायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्वंदीपाशी गुडघे टेकायची.

हे गेले, त्याला तीन वर्षं झाली. आता टाउनशिपच्या ग्रुपवर काहीही टाका, "वा काकू, क्या बात है!" परवा मुद्दाम डोळा हुकलेली मधमाशी टाकली. तरी तासाभरात अंगठे अन् फुलं!

संध्याकाळी जवळच्या सोनागिरी वस्तीतून ह्यांच्या सेक्शनमधल्या तिवारीजींचा फोन आला. चाचरत म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिएगा, पर मक्खी की आँख साफ नहीं आई."

अगदी हेच बोलल्यासारखं वाटलं. पण मी कसली कळू देते! म्हटलं, "इतना कहने में तीन साल लगा दिए? रविवारी चहाला या. भिंग आणि लाल पेन्सिल मी अजून तशीच ठेवलीय."