धूर गेला की येते

...आणि वर मलाच विचारतात, पुंजाभाऊ, धूर का येतोय! अरे, मला माहीत असतं तर मी डोळ्याला उपरणं लावून त्या धुरात उभा राहिलो असतो का? तुम्हाला सांगतो, आईची शपथ घेऊन सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे... असेल एखादं, पिठलं अळणी लागू नये इतपत. आणि आईची शपथ म्हणालो ते पण सोडून द्या, ती बिचारी कशाला मध्ये. पण बाकी सगळं खरं.

तर भंडारदऱ्याच्या रस्त्याला आमची वस्ती. वस्ती म्हणजे काय, एक घर, एक कोंबड्यांचं शेड आणि मी. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकते, अडीच हजार. पहिले पंधरा दिवस त्यांना ऊब पाहिजे, बाळंतिणीच्या खोलीसारखी. आणि आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे का? मार्गशीर्षात कोंबडा पहाटे आरवायला तोंड उघडतो, हवा आत जाते, आणि विचार बदलून मान परत पंखात घालतो! दिवस उजाडलेला आम्हाला एसटीच्या हॉर्नवरून कळतो. अशा थंडीत पिल्लू जगवायचं कसं? लाइट चार तास असते नि वीस तास नसते. कोळसा आणावा तर त्याची राखच जास्त. म्हणून मी बनवून घेतली भट्टी, जळक्या ऑइलची. गॅरेजवाले गाडीचं जुनं काळंकुट्ट ऑइल काढून टाकतात ना, तेच जाळायचं. फाट्यावरच्या कानिफ मिस्त्रीनं कॉम्प्रेसरची जुनी टाकी कापून दिली. वरून तेल थेंब थेंब पडणार, बाजूनं बॅटरीवरचा ब्लोअर झडप उघडू तेवढी हवा मारणार, आत जाळ होणार, तापलेली नळी शेडभर फिरणार आणि शेवटी धुराडं बाहेर. सोपं!

जाळ कसा पाहिजे? पिवळाधमक, घों-घों करणारा, आणि धुराड्याच्या तोंडाशी बघितलं तर नुसतं आभाळ दिसलं पाहिजे. माझा जाळ कसा? लाल, आजारी, जिभा काढणारा, आणि धुराड्यातून बाहेर पडतोय धूर की काय, रेडा! काळा रेडा! एकामागं एक रेडे, घोडेगावचा बाजार भरल्यासारखे!

सगळीकडे काजळी. चादर काळी, भाकरी काळी. आमचा पांढरा कुत्रा, तो काळा झाला, आणि मी त्याला परका कुत्रा समजून दोन दिवस दगड मारले. तिसऱ्या दिवशी तो समजुतीनं पाण्यात जाऊन बसला आणि मग वर आला, शेपटी हलवत. पिवळीधमक पिल्लं राखी झाली. कंपनीचा सुपरवायझर रविराज आला, दारातच थबकला. म्हणाला, "काका, आमी कोंबडीची पिल्लं टाकली हुती. ही कावळ्याची कुठनं आली?"

आणि या धुरापायी, तुम्हाला सांगतो, आमची विजयमाला घर सोडून गेली. विजयमाला म्हणजे आमचं कुटुंब. कोपरगावला, लेकीकडं, अश्विनीकडं. भांडण नाही, तंटा नाही. जाताना एवढंच म्हणाली... धूर गेला की येते. बास. चार शब्द. आता सांगा, माणसानं काय करावं? धूर घालवावा की नाही?

मी फाट्यावर जाऊन सांगितलं, डेअरीवर सांगितलं, एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्यालासुद्धा सांगितलं, की आमच्या घरात माणूस यायचं अडलंय ते निव्वळ या धुरापायी. गाव चांगलं हो आमचं. सगळ्यांनी मनावर घेतलं.

पहिला आला कानिफ मिस्त्री. त्यानंच केलेली भट्टी, त्याची अब्रूच ती. आल्या आल्या ब्लोअरला हात लावून कपाळाला लावला, नमस्कार केला, मग टाकीभोवती तीन चकरा मारल्या, कान लावला. "भाऊ, तडतड ऐकू येतंय का? तेलात पानी हाय. गॅरेजवाले काय, ड्रममधी वाट्टेल ते वततात." म्हणलं, असेल. ड्रम चार दिवस हलवायचा नाही, पाणी खाली बसू द्यायचं, मग खालची तोटी सोडायची. सोडली. अहो, पाणी आलं, गाळ आला, चहाचा एक कप आला, एक दहा-बाराचा पान्हा आला, आणि शेवटी एक लग्नपत्रिका आली, लग्न होऊन गेलेलं होतं नाहीतर मी गेलो असतो, तेवढीच माणसं भेटली असती. तडतड थांबली. धूर? धूर तसाच! कानिफ म्हणाला, "वैनींना जरा दम धराय सांगा." मी म्हणलं, सांगतो. तिचं आपलं एकच आहे बाबा, धूर गेला की येते.

मग रविराज. शिकलेला पोरगा, खिशात दोन पेनं आणि एक थर्मामीटर. त्यानंही आधी ब्लोअरला हात जोडले, मग तेलात बोट बुडवलं. "काका, तेल गार हाय. घट्ट हाय. घट्ट तेल नीट फुटत न्हाई, मग अर्धं जळतं, अर्ध्याचा धूर हुतो. तेल आधी कोमट करा." बरोबर बोलला पोरगा! कोमट कसं करायचं? तांब्याची नळी धुराड्याला गुंडाळायची, तेल त्यातून फिरून तापून येईल. नळी येईपर्यंत मी काय केलं, ड्रमला गोधडी गुंडाळली. विजयमालाचीच, तिनं जुन्या लुगड्यांची शिवलेली. आणि तिच्याशी फोनवर बोलता बोलता मी ते बोलून गेलो.

"अवो, माझी गोधडी? ड्रमाला?"

"त्याला थंडी वाजती गं."

"आनि तुमी काय पांघरता?"

आता बघा, हा प्रश्न. मी काय पांघरतो, हे विचारलं तिनं! मला इतकं बरं वाटलं की मी लगेच बोलायला लागलो, रविराजचं, तेलाचं, पान्ह्याचं, पत्रिकेचं... तिनं काहीतरी पुढं विचारलं असणार बहुतेक, ते माझ्या बोलण्यात राहून गेलं.

असो. नळी बसवली, तेल कोमट झालं, पातळ झालं. धूर? रेड्याची म्हैस झाली एवढंच. धूर होताच!

मग मात्र मी खचलो. रात्री जेवायला बसलं की समोर कोण? कोणी नाही. शेडमध्ये जाऊन बसायचो, म्हणलं निदान पिल्लांशी बोलू. अडीच हजार हो! आणि सगळी एकदम चिवचिव करतात, एक थांबत नाही, एक ऐकत नाही. माझ्या घराण्यातलीच वाटायला लागली.

शेवटी आल्या राहीबाई. शेजारच्या वस्तीवरच्या, म्हणजे अर्ध्या कोसावरच्या शेजारच्या. सत्तरी गाठलेली बाई, आयुष्य चुलीपुढं गेलेलं. त्या ना टाकीकडं बघत, ना तेलाकडं. बांधावर उभ्या राहून धूर बघितला आणि म्हणाल्या, "पुंजा, चुलीत लाकडं कोंबल्यासारखं करतुयास. घास मोठा नि श्वास बारीक. तेल कमी कर, वारं वाढीव."

"मावशी, वारं पूर्ण सोडलंय."

"सोडलंय म्हनतुस, पोचतंय का पर?"

आता हा प्रश्न त्या दोघांनी विचारला नव्हता. राहीबाई ब्लोअरपाशी गेल्या. त्यांनीही हात जोडले, डोळे मिटले, आणि डोळे उघडल्यावर मात्र तशाच बघत राहिल्या. "पुंजा, ह्यो हार कवाचा रं?"

"दसऱ्याचा, मावशी."

झालं असं होतं की भट्टी तयार झाली नेमकी दसऱ्याला. नवीन यंत्र, पूजा तर पाहिजेच. हळद, कुंकू, नारळ आणि झेंडूचा हार. आता दरवर्षी ही पूजा विजयमाला करायची. ट्रॅक्टरला असो, इंजिनाला असो, ती हार असा घालायची की शोभेलही आणि कुठं अडकणारही नाही. यंदा ती नव्हती. मला काय कळतंय? मी मोठा हार आणला, चांगला दोन हात लांब, आणि भक्तिभावानं ब्लोअरच्या तोंडावरच चार वेढे मारले. जिथून तो हवा आत ओढतो ना, नेमकं तिथं! दोन महिने झेंडू वाळला, ब्लोअरनं तो ओढून ओढून आत घेतला, जाळीवर पाकळ्यांचा थर बसला, वरून काजळी, वरून कोंबड्यांची पिसं. बिचारा ब्लोअर नाकात बोळा कोंबलेल्या माणसासारखा श्वास घेत होता! आणि येणारा प्रत्येक जण, कानिफ काय, रविराज काय, हार बघून हात जोडायचा आणि पुढं जायचा. देवाचा हार, त्याला कोण हात लावणार? सगळी भट्टी उघडून बघितली, हार तेवढा कोणी उचलून बघितला नाही!

राहीबाईंनी देवाची माफी मागितली, हार काढला, निर्माल्य म्हणून ओढ्याला सोडायला माझ्या हातात दिला आणि काठीनं जाळी झाडली. अहो, ब्लोअर असा गरजला! लाल जाळ पिवळा झाला, पिवळा पांढरा झाला, टाकी घों-घों करायला लागली, आणि मी धुराड्याकडं बघतो तर... आभाळ. नुसतं निळं आभाळ. अडीच हजार पिल्लं एकदम गप्प झाली, ऊब लागून पसरली आणि झोपली. तेल एक चमचाभर कमी केलं, झाला धूर बंद!

काय म्हणता?

दसऱ्याला ती नव्हती, तर मग भट्टीच्या धुराला कंटाळून ती कशी गेली? ...तुम्ही फार बारकाईनं ऐकता बुवा. आमच्या गावात इतकं कोणी ऐकत नाही, त्यावरच तर चाललंय माझं. थांबा. येतो त्याच्यावर.

संध्याकाळी सगळे जमले. कानिफनं पेढे आणले. "भाऊ, आता लावा वैनींना फोन. स्पीकरवर लावा!" मी म्हणलं, रेंज नाही. रविराज म्हणाला, "काका, चार कांड्या दाखवतंय की." मी म्हणलं, तिकडं नाही, कोपरगावला. कोपरगावला रेंज नाही! केवढं शहर आहे ते! पण लोक भले, मानलं त्यांनी. गेले.

मग लावला. एकट्यानं. "विजू, धूर गेला."

"बरं झालं."

"म्हंजी आता सगळं मोकळं झालं. घरात काजळी न्हाई. धुवून घेतलंय मी सगळं."

"पिल्लं बरी हायत ना?"

"हायत. तू..."

"म्या काय?"

तिनं विचारलं, "म्या काय?" आणि वाट बघत राहिली. आता इथं एकच वाक्य बोलायचं होतं, तुम्हाला सांगतो, लहान पोराला बोलता येईल असं. आणि मी काय केलं? मी तिला हाराची गोष्ट सांगायला घेतली. पहिल्यापासून. राहीबाईंचा आवाज काढून, रविराजचा आवाज काढून, त्यात पान्हा, त्यात पत्रिका... पाऊण तास! मध्येच कळलं की पलीकडं कुकरची शिट्टी होतेय, नातू काहीतरी बडबडतोय, आणि फोन कुठंतरी फळीवर उताणा पडलेला आहे. तरी मी गोष्ट पुरी केली. अर्धवट सोडवत नाही मला.

तर ऐका, आता खोटं काय ते सांगतो. पान्हा खरा आहे. पत्रिका... पत्रिका मी घातली. कुत्र्याचं निम्मं खरं. पण विजयमाला धुराला कंटाळून गेली हे खोटं. ती गेली वैशाखात, भट्टी व्हायच्या पाच महिने आधी, अश्विनीच्या बाळंतपणाला. बाळंतपण झालं, बारसं झालं, नातू पालथा पडला, रांगायला लागला. "धूर गेला की येते" हे ती कधी म्हणालीच नाही. मी विचारलं होतं एकदा, कधी येतेस? तर म्हणाली, "हितं जावई जेवताना विचारत्यात, आई, भाजी कशी झालीया? म्या सांगती. ते ऐकत्यात." एवढंच. सत्तावीस वर्षं माझ्या ताटात भाजी वाढली तिनं, आणि मी जेवताना बोलत होतो.

आता हे गावाला कसं सांगणार? म्हणून धुरावर टाकलं. धूर होता तोवर किती सोयीचं होतं. रोज कोणीतरी यायचं, चहा व्हायचा, वैनींची चौकशी व्हायची. आता पिल्लं मोठी होऊन गाडीत गेली, शेड रिकामं आहे, पुढची खेप यायला पंधरा दिवस, आणि परवा कानिफ फाट्यावरून ओरडला, "भाऊ, वैनी आल्या का न्हाई अजून?" तोंडातून निघून गेलं, "न्हाई रं, धूर हाय अजून जरासा."

बोललो खरा. पण तुम्हाला सांगतो, इतक्या भल्या माणसाशी खोटं बोलणं माझ्या जिवाला लागलं हो. म्हणून आता रोज सकाळी त्या रिकाम्या शेडची भट्टी पेटवतो आणि हवेची झडप दोन बोटं लावून घेतो, जरासा धूर निघेल इतपत.